बियाण्यांचें दप्तर : ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ या कलाकृतीचें परीक्षण

इ. स. २०१२ च्या उन्हाळ्यांत जर्मनींतील कासेल शहरीं तेरावें ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शन भरलें. त्यांत दिल्लीचे चित्रपटकार रा. अमर कंवर यांची ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’, म्हणजे ‘सार्वभौम अरण्य’, ही मांडणी ठेवण्यांत आली होती. आणि त्याच वर्षीं ती ओडिशांत भुवनेश्वर येथें ‘समदृष्टि’ या ओडिया नियतकालिकाच्या आवारांत लोकांस खुली करण्यांत आली. समकालीन कलेचीं परीक्षणें आमच्यासारख्यांच्या त्रैमासिकांत सहसा येत नाहींत, व तीं यावींत असा आमचा आग्रहहि नाहीं. परंतु प्रस्तुत कृति स्वतःस पुरावा म्हणवते. हा शब्द कलावंतानें एकदां उच्चारला, कीं त्याची कृति रसिकांच्या दिवाणखान्यांतून निघून दप्तराच्या ओसरीवर येते. आणि तेथें तिची पारख कोणत्या नियमांनीं व्हावयाची हें सांगण्याचा जुन्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्या माणसांस थोडाबहुत अधिकार आहे. त्या अधिकारानेंच हें परीक्षण लिहिलें आहे.

कलेनें समाजाची व सृष्टीची जबाबदारी पत्करावी, असें अलीकडे पुष्कळ बोललें जातें. जबाबदारी या शब्दांत ‘जबाब’ आहे हें मात्र बोलणारे विसरतात. जबाब म्हणजे कोणीतरी विचारलेल्या सवालाचें उत्तर, आणि तें उत्तर उलटतपासाला उभें राहिलें पाहिजे. प्रदर्शनांत दुःखाचें दर्शन घडविलें, प्रेक्षक हळहळला व घरीं गेला, एवढ्यानें जबाब पुरा होत नाहीं. रा. कंवर यांची कृति या कसोटीला कोठपर्यंत उतरते हाच आमचा प्रश्न आहे.

कृतीचा विषय ओडिशांतील जमीन हा आहे. लोहखनिज, बॉक्साइट व दगडी कोळसा यांनीं तो प्रांत संपन्न असून, १९९० नंतरच्या दोन तपांत खाणी, पोलादाचे कारखाने व बंदरें यांसाठीं तेथील डोंगर, शेतें व किनारा संपादन करण्याचे करारांवर करार झाले. विरोध करणाऱ्यांपैकीं काशीपूर भागांतील मैकंच गांवीं १६ डिसेंबर २००० रोजीं तीन आदिवासी, आणि कलिंगनगर येथें २ जानेवारी २००६ रोजीं दहाहून अधिक आदिवासी पोलिसांच्या गोळीबारांत मारले गेले. दुसऱ्या प्रसंगीं एक पोलीसहि मृत्यु पावला. जगतसिंहपूर जिल्ह्यांत पॉस्को या कोरियन कंपनीच्या पोलाद कारखान्याचा करार २००५ सालीं झाला. तेथील पानमळेवाल्यांनीं तो बारा वर्षें लढविला, आणि २०१७ सालीं कंपनीनेंच माघार घेतली. रा. कंवर या प्रांतांत एका तपाहून अधिक काळ कॅमेरा घेऊन हिंडत होते, व त्या हिंडण्यांतून ही मांडणी उभी राहिली आहे. तींत ‘द सीन ऑफ क्राइम’ हा बेचाळीस मिनिटांचा २०११ सालचा चित्रपट आहे, हातकागदाचीं मोठालीं पुस्तकें आहेत, ओळीनें मांडलेले धानाचे २७२ देशी वाण आहेत. आणि भुवनेश्वरास तर, जमिनीवर झालेल्या अन्यायाचे कागद, छायाचित्रें व इतर साहित्य लोकांनीं स्वतः आणून द्यावें, अशी विनंति करून ती मांडणी वाढती ठेवण्यांत आली.

या सर्वांच्या मुळाशीं कर्त्यानें कांहीं प्रश्न ठेवले आहेत. कायद्याला मान्य होणारा पुरावा एखाद्या गुन्ह्याचा अर्थ व त्याची व्याप्ति समजण्यास पुरेसा असतो काय? फौजदारी किंवा राजकीय खटल्यांत काव्य हें पुरावा म्हणून दाखल करतां येईल काय? आमच्यांतील कित्येकांस हा दुसरा प्रश्न ऐकून हसूं येईल. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड बाहेर काढला, तेव्हांपासून बखरीच्या रसाळपणाला न भुलतां अस्सल पत्राकडे जावें हा धडा महाराष्ट्रानें गिरविला आहे, आणि त्या शाळेंत काव्याची पायरी अगदीं खालची. परंतु प्रश्न नीट वाचला म्हणजे असें दिसतें कीं, कागद खोटा आणि काव्य खरें असा त्याचा रोख नाहीं. कागद ज्या गोष्टीविषयीं मुळींच बोलत नाहीं तिचा पुरावा कोठून आणावा, हें तो विचारतो. ही अडचण आम्हांस नवी नाहीं.

मुळशी पेट्याचेंच उदाहरण घ्या. टाटांच्या जलविद्युत योजनेचें धरण होऊं लागलें तेव्हां १९२१ सालीं तेथील मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला, सेनापति बापट त्याचे पुढारी झाले, आणि कांहीं वर्षें झुंजून तो मोडला. १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मुळशी सत्याग्रह’ या ग्रंथांत वि. म. भुस्कुटे यांनीं त्याचा वृत्तांत जपून ठेवला आहे. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याची तरवार कशी चालली, मोबदल्यावरून सावकार व कुळें यांच्यांत कसा बेबनाव झाला, तुरुंगांत कोण गेले, हें सारें आज सांगतां येतें. पण आंबेमोहोराच्या ज्या खाचरांसाठीं तो झगडा झाला, तीं पाण्याखालीं जाण्यापूर्वीं भाद्रपदांत कशीं दिसत होतीं, एका खाचरांतलें पाणी दुसऱ्यांत कसें उतरत होतें, बांधावर कोणत्या भाज्या उगवत होत्या, याला मोबदल्याच्या तक्त्यांत रकानाच नव्हता. तक्ता एकर जाणतो आणि रुपये जाणतो. जें बुडालें त्याचा मोठा भाग असा पुराव्याविना बुडाला, आणि इतिहासकार म्हणून आपण तें भरून काढूं शकत नाहीं.

‘द सीन ऑफ क्राइम’ या चित्रपटाचें महत्त्व येथें कळतें. त्यांत निवेदकाचा आवाज नाहीं, आंकडे नाहींत, कोणाची मुलाखत नाहीं. पडद्यावर अधूनमधून येणाऱ्या थोड्या अक्षरांतून एका शोकाकुल स्त्रीची कथा तेवढी पुढें सरकते. बाकी सर्व वेळ आपण भूमि पाहतों. गवत वाऱ्यानें लवतें, पाण्यावर उजेड सरकतो, माणसें आपल्या कामांत असतात. चित्रपट संथ आहे. घाईच्या प्रेक्षकाला तो रिकामा वाटेल. परंतु पाहणाराला अगोदर एक गोष्ट सांगितलेली असते: येथें दिसणारें जवळजवळ प्रत्येक दृश्य उद्योगांसाठीं नेमलेल्या, संपादनाखालीं जात असलेल्या भूमीचें आहे. एवढ्या एका वाक्यानें गवताच्या पात्याचा अर्थ बदलतो. पंचनामा गुन्ह्यानंतर होत असतो. येथें तो आधींच करून ठेवला आहे, आणि त्यांत मृताच्या जखमा नसून त्याची धडधाकट कुडी नोंदलेली आहे. मुळशीच्या दप्तरांत जो रकाना नव्हता तो हाच. या दृष्टीनें पाहतां रा. कंवर यांनीं काव्याला पुरावा म्हटलें यांत अतिशयोक्ति आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

तथापि पंचनाम्याला एक नियम आहे. त्यांत जागा लिहावी लागते. चित्रपट पाहतांना कोणतें दृश्य कोणत्या गांवचें, कोणत्या सालचें, हें प्रेक्षकाला कळत नाहीं. कलावंत याचें समर्थन करील कीं, नांवें घातलीं म्हणजे प्रेक्षक नांवें वाचीत बसतो व पाहणें विसरतो. आणि तें खरेंहि आहे. पण पन्नास वर्षांनीं कोणी संशोधक या चित्रपटावरून ‘अमुक ओढ्याच्या कांठीं त्या काळीं केतकीचें बन होतें’ असें सिद्ध करूं पाहील, तेव्हां त्याच्या हातांत केवळ हुरहुर पडेल. पडद्यावर अक्षरें नकोत तर नकोत. दृश्यांची अनुक्रमणिका चित्रपटाच्या पाठीशीं छापील स्वरूपांत असावी, एवढी अपेक्षा गैर नाहीं. तारीख व स्थळ नसलेलें पत्र कितीहि सुंदर अक्षरांत असलें तरी आपण तें कोणत्या रुमालांत बांधतों हें वाचकांस ठाऊक आहे.

पुस्तकांविषयीं आमच्या वाचकांस विशेष कुतूहल वाटेल. तीं केळीच्या तंतूंपासून हातानें केलेल्या कागदाचीं आहेत. मेजावर मांडलेलें पुस्तक प्रेक्षकानें स्वतःच्या हातानें उलटावयाचें. मजकूर पानावर असतो आणि कोऱ्या पानावर वरून चलच्चित्राचा झोत पडतो. मंद उजेडाच्या खोलींत पान उलटतांना तें चित्र क्षणभर वाचणाऱ्याच्या हातावर येतें व मग पुढील पानावर स्थिरावतें. कागदाच्या लगद्यांतच मासे धरण्याचें जाळें, वस्त्र, वर्तमानपत्र, भाताचे दाणे अशा वस्तु बसविल्या आहेत. जुन्नरी व दौलताबादी कागद बोटांनीं ओळखणारे, विलायती कागद उजेडाकडे धरून जलचिन्हावरून पत्राचा काळ ठरविणारे लोक आमच्यांत आहेत. कागदाचें अंगहि साक्ष देतें हें त्यांस सांगावयास नको. आपल्या कागदांत ही साक्ष नकळत आली, रा. कंवर यांनीं ती हेतुपुरःसर घातली. ही नुसती चमत्कृति होण्याचा संभव होता, पण तशी ती झालेली नाहीं. कारण कागदांत बसलेलें जाळें पाहतांच मनांत पहिला विचार येतो तो असा, कीं हें आतां पुन्हां पाण्यांत पडणार नाहीं.

ग्रंथ व पानें यांविषयीं या कलावंताची समज जुनी दिसते. ब्रह्मदेशांतील एका पुस्तक-दुकानदारानें आपण विकीत असलेल्या प्रत्येक पुस्तकाचें पहिलें पान, त्यावर लष्करी राजवटीचीं घोषवाक्यें छापलेलीं असत म्हणून, फाडून टाकलें व त्यापायीं तुरुंगवास भोगला. त्याच्या नांवें रा. कंवर यांनीं २००४ ते २००८ या काळांत ‘द टॉर्न फर्स्ट पेजेस’ ही कृति केली. ग्रंथसंग्राहकाला पहिलें पान नसलेली प्रत म्हणजे खंडित प्रत. त्या दुकानांतून गेलेल्या प्रतींत मात्र पान नसणें हाच अस्सलपणाचा शिक्का होय. असो.

पुस्तकांपैकीं ‘द काउंटिंग सिस्टर्स अँड अदर स्टोरीज’ हें लोककथेच्या वळणाचें आहे, तर ‘द प्रेडिक्शन’ हें छत्तीसगडांतील कामगार-पुढारी शंकर गुहा नियोगी यांच्या हत्येसंबंधीं आहे. नियोगी यांस २८ सप्टेंबर १९९१ रोजीं भिलाई येथें झोपेंत असतां गोळी घालून मारण्यांत आलें. आपला खून होणार हें त्यांनीं अगोदर ध्वनिमुद्रित करून ठेवलें होतें. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोळी झाडणाऱ्यास जन्मठेप दिली व इतर आरोपींस निर्दोष ठरविलें. या दोन पुस्तकांत आम्ही दुसऱ्याला वरचें स्थान देतों, आणि तें केवळ संशोधकाच्या संवयीमुळें नव्हे. ज्या मृत्यूला नांव, गांव व दिवस आहे त्याच्याविषयीं लिहितांना लेखणीवर आपोआप एक दाब येतो. लोककथेंत तो दाब सुटतो. तेथें शोक करणाऱ्या बहिणी कोणत्याहि देशींच्या होऊं शकतात, आणि कासेलच्या प्रेक्षकाला तें सोयीचेंच वाटत असावें. कारण कोणत्याहि देशींच्या दुःखाचा जबाब कोणालाच द्यावा लागत नाहीं.

भुवनेश्वर येथील मांडणी याच्या उलट टोंकाची आहे, म्हणून ती आम्हांस कासेलच्या मांडणीपेक्षां श्रेष्ठ वाटते. तेथें येणारा माणूस प्रेक्षक म्हणून येतो, आणि मनांत आलें तर घरचा कागद घेऊन परत येतो. वाचकांस महजर आठवेल. वतनाचा तंटा पडला म्हणजे गोत जमे, ज्याला जें ठाऊक तें तो बोले, आणि लिहितां न येणाराहि कागदावर आपली निशाणी करी. पाटलाचा नांगर, सुताराची वाकस, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी या निशाण्यांनीं भरलेलें महजराचें शेपूट आपण कितीदां उलगडलें आहे! त्या निशाणीचा अर्थ एवढाच कीं, मी येथें होतों, मीं ऐकलें, आणि खोटें ठरल्यास मला धरा. लोकांनीं आणलेल्या साहित्यानें वाढत जाणारी मांडणी महजराच्या जवळ जाते. फरक इतकाच, कीं महजरावर निवाडा होत असे व तो पाळावा लागे. कलाकृतीच्या दालनांत निवाडा देणारें कोणी नाहीं. त्यामुळें तेथें जमलेला पुरावा कोणा दुसऱ्या सभेची वाट पाहत राहतो.

तशी सभा ओडिशांतच भरली हा योग विलक्षण आहे. १८ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, नियमगिरीच्या माथ्यावरील बॉक्साइटच्या खाणीमुळें डोंगरिया कोंध लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांस बाध येतो कीं काय, याचा विचार तेथील ग्रामसभांनीं करावा. त्या जुलै-ऑगस्टांत रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील बारा गांवच्या सभा न्यायाधीशाच्या देखरेखीखालीं भरल्या आणि बाराहि सभांनीं खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्यें केंद्र सरकारनेंहि परवानगी नाकारली. डोंगर हें नियमराजाचें स्थान आहे, झरे त्याचे आहेत, हें बोलणें तेथें पुराव्यांत धरलें गेलें. काव्य पुरावा म्हणून दाखल करतां येईल काय, या प्रश्नाला वर्षभरांत मिळालेलें हें एक उत्तर म्हणतां येईल. याचें श्रेय रा. कंवर यांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या कलाकृतीस देणें मात्र अन्यायाचें होईल. तें त्या डोंगरवासीयांचें आहे. रयतेचें जीर्ण झाडदेखील धन्यास राजी करून व मोल देऊन मगच तोडावें, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. एका झाडाला जी राजीखुशी लागते ती सबंध डोंगराला लागत नाहीं असें इतकीं वर्षें मानलें गेलें, हेंच खरें आश्चर्य होय.

आतां बियाण्यांकडे येऊं. आमच्या मतें सबंध कृतींत सर्वांत बलवान भाग हाच, आणि प्रेक्षक ज्याच्यापुढून सर्वांत लवकर निघून जातो तोहि हाच. ओळींत मांडलेले दोनशें बहात्तर वाण, कोणी जाडा, कोणी बारीक, कोणी काळ्या कुसाचा, कोणी सोनसळी. मराठी माणसाला धान हें पीक परकें नाहीं. कोंकणांत व मावळांत भाताचीं नांवें सांगूं लागणारा म्हातारा शेतकरी लवकर थांबत नाहीं. पण नांव सांगणें वेगळें आणि वाण हातीं असणें वेगळें.

भाताचा दाणा ही पोथी आहे असें आम्ही म्हटलें तर तें अलंकारिक बोलणें समजूं नये. पोथी जशी नकलेनें टिकते तसा दाणा पेरणीनें टिकतो. आपल्या उष्ण व दमट हवेंत साध्या कणगींत ठेवलेल्या भाताची उगवणशक्ति एक-दोन वर्षांतच मंदावते. म्हणून प्रत्येक वाण जवळजवळ दरसाल पुन्हां ‘लिहावा’ लागतो. भात बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळतें, त्यामुळें नक्कल साधारणतः मुळाबरहुकूम उतरते. तरीहि थोडा परका पराग येतो, खळ्यावर शेजारच्या वाणाचे दाणे मिसळतात, आणि शेतांत भेसळ दिसूं लागते. जाणता शेतकरी कापणीपूर्वीं शेतांत फिरून निराळ्या उंचीचीं, निराळ्या कुसाचीं रोपें काढून टाकतो व बियाण्यासाठीं लोंब्या निवडून बाजूला ठेवतो. प्रक्षेप ओळखून काढणें आणि शुद्ध प्रत राखणें याहून हें वेगळें काय आहे? शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तें काम आपण वंदनीय मानतों. धानाच्या प्रत्येक वाणामागें असे शेंकडों अनामिक शोधक होऊन गेले आहेत, व त्यांतल्या पुष्कळ स्त्रिया होत्या.

कटकच्या तांदूळ संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९५५ ते १९५९ या काळांत जेपोर टापूंत हिंडून १,७४५ वाण गोळा केले. असे संग्रह शीतगृहांत अनेक दशकें टिकतात, आणि ते नसते तर आज बरेंच कांहीं नाहींसें झालें असतें. शीतगृह हें बियाण्याचें बंदिस्त कपाट होय. कपाटाची निंदा संग्राहकानें करूं नये. पण कपाटांत ठेवलेला वाण गेल्या पन्नास वर्षांचा पाऊस पाहत नाहीं, नव्या रोगाशीं झगडत नाहीं. शेतांतला वाण तें करतो. डॉ. देबल देब यांनीं हजाराहून अधिक वाण दरसाल पेरून राखले, त्यांतील बरेंच काम रायगडा जिल्ह्यांत झालें. मग कलाकृतीनें अधिक काय केलें, असा प्रश्न साहजिक येतो.

आमचें उत्तर असें. बियाणें राखणाराचें शेत आणि जमीन संपादन करणाराचा नकाशा हीं दोन्हीं एका खोलींत कधींच येत नाहींत. एक कृषिखात्याचा विषय, दुसरा उद्योगखात्याचा. रा. कंवर यांनीं तीं एका भिंतीला भिंत लावून मांडलीं. चित्रपटांतली भूमि पाहून वळावें तों समोर त्या प्रांताचें धान. एक गेलें म्हणजे दुसरें कोठें पेरणार हा सवाल कोणीं न विचारतां उभा राहतो. ही जुळणी शास्त्रज्ञानें केली नाहीं, वकिलानें केली नाहीं, आम्हां संशोधकांसहि ती सुचली नसती. कलेच्या जबाबदारीविषयीं जें मोठमोठें बोललें जातें त्यांतलें खरें तें या मांडणींत, एवढ्या लहान जागेंत, सांपडतें.

तरी या ठिकाणींहि कासेल व भुवनेश्वर यांत भेद करावा लागतो. कासेलच्या थंड भूमींत ओडिशाचें धान पेरतां येत नाहीं. तेथें तो दाणा देवाच्या अस्थीप्रमाणें पूज्य आणि निर्जीव. मूळ भूमीपासून तुटलेला ताम्रपट परदेशच्या कांचेआड जसा दिसतो तसेंच हें. भुवनेश्वरला तोच दाणा उचलून एखादा शेतकरी म्हणूं शकतो कीं, हा आमच्याकडे होता, आतां नाहीं, मला मूठभर द्या.

कासेलचें नांव निघालेंच आहे म्हणून तेथील एका जुन्या कृतीचा निर्देश करतों. योझेफ बॉइस या जर्मन कलावंतानें १९८२ सालीं सातव्या डॉक्युमेंटाच्या वेळीं सात हजार बसाल्टचे दगड तेथील मुख्य संग्रहालयापुढें ढीग घालून टाकले, व अट घातली कीं शहरांत एक झाड लागेल तेव्हां एक दगड तेथून उचलून त्या झाडाशेजारीं रोवावा. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. ढीग पाहून नगरवासी चिडले. तो हलविण्याचा मार्ग मात्र एकच होता, झाडें लावणें. जानेवारी १९८६ मध्यें बॉइस वारला, आणि १९८७ च्या जूनमध्यें त्याच्या मुलानें शेवटचें झाड लावलें. त्या दगडांवर एकहि अक्षर नाहीं, तरी शिलालेखाचें काम ते चोख करतात. झाड तोडलें तर एकाकी उरलेला दगड चुगली करतो. आपल्या गधेगाळीवर दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेली असते. येथें शिवीचीहि गरज ठेविली नाहीं. झाड वाढतें, दगड तेवढाच राहतो, आणि दरसाल दोघांचें प्रमाण बदलत जातें, हेंहि कलावंतानें योजून ठेवलें होतें.

बॉइसच्या कृतीचा गुण असा कीं, तिची राखण कोणी करावयाची हें कृतीच्या रचनेंतच ठरून गेलें. रा. कंवर यांच्या कृतींत ती सोय अपुरी आहे. चित्रपटाची प्रत टिकेल, केळीचा कागदहि नीट ठेवल्यास टिकेल. दोनशें बहात्तर वाणांना मात्र दर पावसाळ्याला दोनशें बहात्तर वाफे हवेत, आणि ते वाफे कोणाच्या जमिनीवर, हा तर मूळचाच तंटा आहे. चित्रपटकारानें शेती करावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्यानें दाण्याला पुरावा म्हटलें, त्यानें तो पुरावा जिवंत आहे कीं मेला याची नोंद तरी ठेवावी.

ती नोंद कशी असावी हें सांगणें आमच्या आटोक्यांतलें आहे, कारण पोथ्यांच्या सूची करण्यांत आपले हात मुरलेले आहेत. ज्या ज्या ठिकाणीं ही बियाणीं मांडलीं जातील त्या त्या ठिकाणीं त्यांबरोबर एक सूची छापावी. तींत वाणाचें नांव ओडिया लिपींत, जसें शेतकरी उच्चारतो तसें, असावें. पाठभेद असल्यास तेहि द्यावेत, कारण एकाच भाताला दोन खोऱ्यांत दोन नांवें असतात. ज्याच्या घरून दाणा आला त्याचें गांव व मिळाल्याचें साल द्यावें. कुसाचा व दाण्याचा रंग, पेरणीचा व कापणीचा महिना, उभ्या पाण्यांत तग धरतो कीं माळावर, हें थोडक्यांत लिहावें. चित्रपटांतील दृश्यांचीं गांवें याच सूचीच्या पुरवणींत यावींत, म्हणजे कोणता वाण कोणत्या दृश्यांतल्या भूमीचा हें वाचणाराला ताडून पाहतां येईल. आणि प्रत्येक वाणापुढें शेवटीं एक रकाना कोरा ठेवावा. गेल्या हंगामांत हा कोणाच्या शेतांत पेरला गेला, तें त्यांत शाईनें भरावयाचें.